समन्ससोबत एक कागद द्या : खान्देशातल्या भाडेवादांबाबत खुले पत्र

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश तथा अध्यक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : घर-दुकान खाली करून मागण्याच्या दाव्यांत समन्ससोबत माहितीपत्रक देणे आणि कोर्टात भाडे भरण्याची रीत सोपी करणे.

स.न.वि.वि.

तिन्ही जिल्ह्यांतल्या तालुका कोर्टांत भाडेवादाची कामे रोज पाहणारे आम्ही काही वकील आणि कारकून हे पत्र लिहीत आहोत. भाडेकरू आणि मालक या दोघांचीही वकीलपत्रे आमच्यापैकी कोणा ना कोणाच्या कपाटात आहेत, त्यामुळे एका बाजूची कड घेण्याचा प्रश्न नाही. मागणी लहान आहे. तिला नवा कायदा लागत नाही आणि खर्च झेरॉक्सपुरताच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम १५मध्ये ९० दिवस दोनदा येतात. पहिले ९० दिवस मालकाने थांबायचे : भाडे थकले म्हणून दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती पोचल्यापासून ९० दिवस जाऊ द्यायचे. दुसरे ९० दिवस भाडेकरूला वाचवणारे : दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी, तिच्यावर दरसाल दरशेकडा १५ने सरळ व्याज आणि परवानगी असलेली वाढ कोर्टात भरली, पुढे दावा निकाली निघेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला बाहेर काढण्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. आमच्याकडचे बहुतेक दावे बुडतात किंवा तरतात ते या दोन मुदतींवर. खरे कोण आणि खोटे कोण हा प्रश्न तिथवर पोचतही नाही.

मालकांची चूक आधी सांगतो, कारण ती जुन्या सवयीची आहे. खान्देश मुंबई इलाख्यात होता, म्हणून इथे १९४७चा मुंबई भाडे कायदा लागू होता. मराठवाड्यात हैदराबादचा आणि विदर्भात सीपी-बेरारचा वेगळा होता. १९४७च्या कायद्यात मागणीच्या नोटिशीची मुदत एक महिन्याची होती. तीच नोटीस टायपिस्टच्या फायलीत अजून जिवंत आहे. ‘नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात थकबाकी भरावी, अन्यथा...’ असे छापून जाते, पस्तिसाव्या दिवशी दावा दाखल होतो आणि थकबाकीच्या कारणापुरता तो जन्मतःच मुदतपूर्व असतो. हे मालकाला चार-पाच वर्षांनी, युक्तिवादाच्या वेळी कळते. मोजणीचे उदाहरण : नोटीस १ मार्चला मिळाली तर तो दिवस सोडायचा, मार्चचे ३०, एप्रिलचे ३० आणि मेचे ३०. नव्वदावा दिवस ३० मे. दावा ३१ मे किंवा नंतर. स्वतःच्या गरजेसाठी किंवा पोटभाडेकरू ठेवल्याबद्दल दावा असेल तर ही ९० दिवसांची नोटीस लागत नाही. भाडे कायद्याखालच्या ताब्याच्या दाव्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ची स्वतंत्र ‘जागा सोडा’ नोटीसही लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९मध्येच सांगितले आहे. तरीही लोक महिन्याची मुदत घालून एकच नोटीस सगळ्या कारणांना लावतात.

आता भाडेकरू. त्याच्या हातात बेलिफ जे समन्स देतो त्यावर तारीख असते, हजर राहा असे असते, कैफियत (लेखी उत्तर) दाखल करण्याची मुदत असते. ९० दिवसांत पैसे भरले तर घर वाचते हे त्यावर कुठेच नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेतला तो नमुना सगळ्याच दाव्यांसाठी आहे, भाड्याच्या दाव्यासाठी वेगळा नाही. भाडेकरू वकिलाकडे जातो तो पहिल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, आणि पहिली तारीख दीड-दोन महिन्यांनी असते. म्हणजे मुदतीतले निम्म्याहून जास्त दिवस गेलेले. समन्स कोणत्या तारखेला मिळाले ते त्याला सांगता येत नाही, कारण सही केलेली प्रत बेलिफ घेऊन गेला आणि आपल्या प्रतीवर तारीख लिहून ठेवावी हे कोणी सांगितले नाही. समन्स घरातल्या सज्ञान माणसाने घेतले असले तरी ते बजावले गेले असेच धरतात. सून घरी होती, तिने सही केली, कागद देव्हाऱ्यामागे ठेवला. मुदत त्याच दिवशी सुरू झाली.

पैसे भरायचे ठरले तरी आकडा चुकतो. महिना ८०० रुपये भाडे आणि ३६ महिन्यांची थकबाकी धरू. मुद्दल २८,८००. इथे भाडेकरू, आणि खरे सांगायचे तर काही नवखे वकीलही, २८,८००चे १५ टक्के काढून ४,३२० व्याज धरतात. पण ते एका वर्षाचे झाले. ८०० रुपयांवर महिन्याला १० रुपये व्याज होते. पहिल्या महिन्याचे भाडे ३६ महिने थकले म्हणून त्याचे ३६०, दुसऱ्याचे ३५०, असे उतरत शेवटच्या महिन्याचे १०. बेरीज ६,६६०. एकूण भरायचे ३५,४६०. भरले गेले ३३,१२०. तूट २,३४० रुपयांची, आणि तेवढ्यावर बचाव कोलमडतो. मुदत वाढवून मिळेल यावर विसंबता येत नाही. शिवाय ही थकबाकी नोटिशीच्या दिवसापर्यंतची. नोटिशीचे तीन महिने, दाव्याचे आणि बजावणीचे महिने वर चढलेले असतात, त्यांचे भाडे आणि व्याज भरण्याच्या दिवसापर्यंत मोजायचे. वाढलेल्या मागणीवर वाद असेल तरी आधी भरा आणि मग भांडा, असेच आम्ही सांगतो. रक्कम कोर्टातच जाते, आणि कोर्टाच्या हुकमाने ती मालकाला काढून घेता येते, म्हणून त्यालाही अडवण्यात हशील नाही.

भरण्याची रीत हा पुढचा खड्डा. भाडेकरू पैसे घेऊन येतो तर आधी अर्ज द्या, अर्जावर समोरच्या वकिलाचे म्हणणे घ्या, मग हुकूम, मग चलन, मग पैसे घेणारी नाझर शाखा. साहेब रजेवर असले किंवा कामकाज बंद असले की दिवस वाया. नव्वदावा दिवस सुट्टीचा असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी भरता येते, पण ज्याने एकोणनव्वदाव्या दिवशी अर्ज दिला आणि ब्याण्णवाव्या दिवशी हुकूम मिळाला त्याचे काय, यावर दोन वकील दोन मते देतात आणि तिसरी पिढी ते भांडण चालवते. पहिली रक्कम भरून झाली की पुढे दरमहा भरायचे असते, आणि खरी गळती तिथेच होते. प्रत्येक महिन्याला नवा अर्ज लागतो म्हणून माणूस तीन महिन्यांचे एकदम भरतो. ‘नियमित’ या शब्दावर मग उलटतपास होतो. मुंबई उच्च न्यायालयाने संहितेत घातलेल्या आदेश १५-अप्रमाणे कोर्टाने सांगितलेले भाडे दावा चालू असताना भरले नाही तर बचावच काढून टाकता येतो, हेही डोक्यावर असते.

म्हणून मागण्या अशा.

भाडे कायद्याखालच्या प्रत्येक दाव्याच्या समन्ससोबत एक पानी माहितीपत्रक जोडावे. त्यावर बेलिफने समन्स दिल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहावी आणि नव्वदाव्या दिवसाची तारीखही लिहावी. पैसे घ्यायला समोरच्याच्या म्हणण्याची वाट पाहू नये. भाडेकरूच्या जबाबदारीवर रक्कम त्याच दिवशी स्वीकारावी, पुरेशी आहे की नाही ते नंतर ठरेल. पहिल्याच हुकमात ‘दावा निकाली निघेपर्यंत दरमहा भाडे भरण्यास मुभा’ असे लिहावे, म्हणजे दर महिन्याचा अर्ज संपेल. ऑनलाइन भरण्याची सोय भाडेवादाला खुली करावी. शिरपूरचा भाडेकरू कामाला सुरतेत असतो. ८०० रुपये भरायला त्याचे दोन दिवस आणि तिकिटाचे पैसे जातात.

सुरतेचा विषय निघालाच आहे तर. उधना-लिंबायतकडे खान्देशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जातात, आणि नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर महिनोन्‌महिने घराला कुलूप लावतात. यातून दोन गोष्टी घडतात. एक, बेलिफ येतो, कुलूप बघतो, समन्स दाराला चिकटवतो, आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच नव्हते तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. ‘कळले कधी’ हे मग पुराव्याने दाखवावे लागते, म्हणून दरखास्तीचे (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे) वॉरंट आले त्या दिवसाचा कागद जपून ठेवावा. दोन, दाव्याआधीचे सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर तेवढ्यावरून ताबा मागता येतो. मालक यात महावितरणचे बिल लावतो. सहा बिलांत वापर शून्य युनिट, एवढे पुरते. भाडेकरूने ऊसतोडीचे मुकादमाचे कागद, सुरतेच्या कारखान्याचा हजेरीचा उतारा, घरात राहिलेल्या म्हाताऱ्यांचे रेशन उचलल्याची नोंद असे काही आधीपासून जमवले नसेल तर ‘वाजवी कारण’ तोंडीच राहते. ग्रामीण शिबिरांत ही गोष्ट अहिराणीत आणि भिली-पावरीत सांगावी, प्रमाण मराठीतल्या पत्रकाने ती पोचत नाही.

अकरा महिन्यांच्या कराराचा गैरसमजही आपल्याच शिबिरांतून दूर होऊ शकतो. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवायची गरज नाही, या १९०८च्या नोंदणी कायद्यातल्या तरतुदीवरून ११चा आकडा रूढ झाला. पण १९९९च्या कायद्याचे कलम ५५ मुदत पाहत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर ही नोंदणी नव्हे. लिव्ह अँड लायसन्सचा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो, मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एवढे केले तर राहत्या घरापुरती मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येते, तिथे लेखी करार निर्णायक पुरावा धरतात आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई लागते. परवानाधारकाला (अशा करारावर राहणाऱ्याला) उत्तर द्यायचे तर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर विषय संपला. दुकानाला हा मार्ग नाही. गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिला असेल तर दिवाणी कोर्टच. सक्षम प्राधिकारी कुठे बसतात, त्यांचा पत्ता आणि दिवस प्रत्येक तालुका कोर्टाच्या फलकावर लावावा. आज मालक तहसील, प्रांत, पोलीस ठाणे असा फिरत राहतो.

पोलीस ठाण्यांचे सांगायचे तर, आपल्या प्राधिकरणाने पोलीस अधीक्षकांना एक पत्र द्यावे. मालकाने दाराला दुसरे कुलूप ठोकले, नळ तोडला, वीज बंद केली की ठाण्यात ‘दिवाणी बाब आहे’ असे सांगून परत पाठवतात. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांचा पुरवठा तोडणे भाडे कायद्याच्या कलम २९ने मना आहे आणि तो गुन्हाही आहे. कोर्ट पुरवठा सुरू करण्याचा हुकूम देऊ शकते. जबरदस्तीने बाहेर काढले असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघत नाही, फक्त ताबा होता का आणि तो कायद्याबाहेर काढला का एवढेच पाहतात. सातव्या महिन्यात हा दरवाजा बंद होतो.

मालकाच्या खऱ्या गरजेचे दावे वेगळ्या कारणाने रेंगाळतात. त्यात कोर्टाला अडचणीची तुलना करावी लागते : हुकूमनामा दिल्याने भाडेकरूचे जास्त हाल होतील की न दिल्याने मालकाचे. भागापुरता ताबा देता येतो का, हेही पाहतात. कैफियतीत ‘प्रतिवादीची फार गैरसोय होईल’ एवढे एक वाक्य असते. त्याने दुसरी जागा शोधली का, कुठे, किती भाडे सांगितले, याचा कागद एकही नसतो. मालक आपल्या बाकीच्या मिळकती लपवतो, मग समोरचा नगरपालिकेतून घरपट्टीचे उतारे काढतो आणि साक्ष पुन्हा सुरू होते. दोघांकडूनही पहिल्याच तारखेला शपथेवर यादी घेतली तर वर्षभर तरी वाचेल असा आमचा अंदाज आहे.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांबद्दल दोन ओळी. जुन्या गल्ल्यांतले भाडेकरू पावसाळ्यात गळतीची तक्रार करतात, मालक दुरुस्ती करत नाही. १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. ८०० रुपये भाड्यात ते २,४०० होतात, एक खणसुद्धा धड होत नाही. मग भिंत फुगते, पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, घर पाडतात आणि भाडेकरू समजतो की आपला हक्क मातीत गेला. तसे नाही. इमारत पाडल्याने भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये म्हटले आहे. पाडण्याआधी खोलीचे माप, फोटो आणि पंचनामा करून घेतला पाहिजे, नंतर फक्त मोकळी जागा उरते.

पालिकेच्या गाळेधारकांना मात्र यातले काहीच लागू नाही. सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या मिळकती भाडे कायद्याच्या बाहेर आहेत. जळगावात मुदत २०१२मध्ये संपलेल्या महापालिकेच्या गाळ्यांचा वाद औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला तो महानगरपालिका अधिनियमाखाली; तिथे जागा खाली करवण्याचे कलम ८१-ब आहे, आयुक्तांचा हुकूम आहे आणि त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील आहे. गाळेधारक ‘कलम १५’ म्हणत वर्ष घालवतात.

हुकूमनामा झाल्यावरचेही पत्रकात असू द्या. अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत; नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा. दुसरे अपील नाही, पुढे औरंगाबाद खंडपीठात पुनरीक्षण. अपील केले म्हणजे स्थगिती मिळाली असे नाही, आणि स्थगिती देताना बाजारभावाने नुकसानभरपाई भरायला लावता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये स्पष्ट केले. ८०० रुपये भाड्याच्या दुकानाला महिना ८,००० भरायचा हुकूम झाला की चेहरे पाहण्यासारखे होतात. दरखास्तीत मालकाची अडचण वेगळी : वॉरंट घेऊन बेलिफ गेला की दारात मेव्हणा उभा असतो, ‘मी स्वतंत्र भाडेकरू’. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितले आहे. ताबा घेताना लागणाऱ्या पोलीस बंदोबस्ताचा अर्ज वॉरंटसोबतच घेतला तर एक फेरी कमी होते.

लोकअदालतीतल्या तडजोडींबद्दल आमचे थोडे तिखट मत आहे. मिटलेल्या दाव्यांचा आकडा वाढवायच्या घाईत ‘प्रतिवादी सहा महिन्यांत जागा खाली करील’ एवढ्यावर सह्या होतात. भाडे कायद्यात ताबा कारणावरच देता येतो, म्हणून तडजोडीत कोणते कारण भाडेकरूला मान्य आहे ते लिहिले नाही तर दरखास्तीत त्यावरच हरकत येते. शिवाय डिपॉझिट कधी परत, मधल्या काळाचे भाडे किती, वीजबिल कोणाचे, किल्ली कोणाच्या हातात, हेही हवे. आपल्या पॅनेलवरच्या वकिलांना याचा एक छापील नमुना द्यावा. आणि पत्रकावर हेही असावे की स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. नंदुरबारमध्ये तर निम्मे प्रतिवादी यात बसतील.

पत्रकाचा मसुदा खाली देत आहोत. शब्द बदलावे, पण लांबी वाढवू नये.

‘हा भाड्याच्या जागेचा दावा आहे. समन्स मिळाल्याची तारीख : ______. भाडे थकल्याबद्दल दावा असेल तर ______ या तारखेपर्यंत (९० दिवस) थकलेले सगळे भाडे व त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज या कोर्टात भरा. व्याज प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर, ते थकले तेव्हापासून भरण्याच्या दिवसापर्यंत मोजा. नंतर दर महिन्याला भाडे भरत राहा व पावती जपा. कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही भरा. तारखेची वाट पाहू नका. मोफत वकिलासाठी : तालुका विधी सेवा समिती, याच इमारतीत, खोली क्र. ______.’

मागच्या बाजूला बारा महिन्यांचा रिकामा तक्ता आखला आहे : महिना, भाडे, थकलेले महिने, व्याज, पावती क्रमांक. पाचवा रकाना थोडा रुंद ठेवावा, कोर्टाच्या पावतीचा क्रमांक लांब असतो.

आपले,
भाडेवादाची कामे पाहणारे वकील व वकिलांचे कारकून,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे